लाइट आल्यावर सर्व्हर कन्सोलचा डायलॉग बॉक्स कीबोर्डला दाद देत नाही

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. लातूरकडच्या एका बाजार समितीत आवक आणि सौद्यांच्या नोंदींचा सर्व्हर आहे. लाइट जाऊन आली की ब्राउझरमधल्या कन्सोलवर ‘डेटाबेस दुरुस्त करायचा का?’ असा डायलॉग येतो. टॅब दाबत गेलं तर फोकस (कीबोर्ड ज्या घटकावर चालतो ती जागा) मागच्या तक्त्यातच फिरतो, एस्केपही चालत नाही. ऑपरेटर दृष्टिहीन आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. डायलॉग आलाय हेच त्यांना कळत नाही आणि ऐन सौद्याच्या वेळी नोंदी अडतात. कोड आमच्याच हातात आहे. काय बदलू?

गोदातीर:
तो डायलॉग म्हणजे बहुतेक वर तरंगणारा साधा डिव (एचटीएमएलचा नुसता चौकोन) असणार. दिसतो पुढे, पण फोकस त्यात नेलेलाच नाही. एफ१२ दाबून ब्राउझरच्या डेव्हलपर कन्सोलमध्ये डॉक्युमेंट.ॲक्टिव्हएलिमेंट बघा, बॉडी किंवा मागचं बटण आलं तर दुखणं हेच.

डिव काढून डायलॉग एलिमेंट घ्या आणि तो शोमोडल()नेच उघडा. नुसतं ओपन ॲट्रिब्यूट लावलं तर तो मोडल (मागचं पान अडवून ठेवणारा) होत नाही, टॅब पुन्हा मागे निसटतो. इथेच बरेच जण फसतात. शोमोडलने मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपही आपोआप चालतो. एस्केपचा अर्थ मात्र ‘आत्ता नको’ असाच ठेवा, ऑटोफोकसही (उघडताच जाणारा फोकस) त्याच बटणावर. ‘दुरुस्त करा’वर ठेवलात तर चुकून दाबलेल्या एंटरने दुरुस्ती सुरू होईल.

बालाघाट:
बटणंही तपासा भाऊ. बटण म्हणून स्पॅनला (साध्या मजकुराच्या एलिमेंटला) ऑनक्लिक लावलं असेल तर टॅब तिथे थांबत नाही. टॅबइंडेक्स शून्य दिलं की थांबतो, पण एंटर आणि स्पेस तरी चालत नाहीत. सरळ बटन एलिमेंट वापरा. सीएसएसमधलं ‘आउटलाइन: नन’ काढा, फोकस दिसलाच पाहिजे, डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा निकष २.४.७ हेच सांगतो. डायलॉगचं शीर्षक एरिया-लेबल्डबाय ॲट्रिब्यूटने जोडा, म्हणजे एनव्हीडीए ते वाचेल.

कोड बदलेपर्यंत ऑपरेटरना सांगा: एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये (बाणांनी पान वाचायच्या मोडमध्ये) ठेवून कंट्रोल+एंड दाबा. असे डिव सहसा पानाच्या शेवटी जोडलेले असतात. तिथून वरचा बाण दाबत बटणावर या आणि एंटर दाबा, या मोडमध्ये एनव्हीडीएच क्लिक करतो.

मांजराकाठ:
शोमोडल लावलं, टॅब आतच राहतो. पण डायलॉग बंद झाल्यावर फोकस पानाच्या सुरुवातीला जातो. तो का?

गोदातीर:
बंद होताना फोकस आधी होता तिथे परत जातो. तुमचा डायलॉग पान उघडतानाच येतो, तेव्हा आधीचा फोकस नसतोच. क्लोज इव्हेंटमध्ये आवकीच्या तक्त्याच्या शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे एक देऊन फोकस() करा.