मदत हवी आहे: अग्निशमन केंद्र बंद झाले, आता घराच्या विम्याचे काय करावे?

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, वणव्याच्या पट्ट्यात आमचे घर आहे. नव्या पार्सल टॅक्सला (प्रत्येक भूखंडावर लागणाऱ्या स्थानिक कराला) आवश्यक ती दोन तृतीयांश मते न मिळाल्याने जवळचे अग्निशमन केंद्र बंद झाले असून उरलेले केंद्र रस्त्याने पाच मैलांहून दूर आहे. पुढच्या दोनच महिन्यांत विमा कंपनीने नूतनीकरण नाकारले. (१९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या घटनादुरुस्तीने मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधून ठेवल्यामुळे केंद्रासाठी दुसरीकडून पैसा उभा करणे खरोखरच अवघड आहे.)

घराभोवतीचे १०० फुटांचे आवार आम्ही साफ केले आहे, भिंतीलगतच्या पाच फुटांत खडी पसरली आहे आणि झरोक्यांना बारीक जाळी बसवली आहे. पन्हळींतून काढलेल्या पाइनच्या सुयांनीच सहा पोती भरली. इतर कंपन्यांनी नाकारल्यावर मिळणाऱ्या मूलभूत आगविम्यात, म्हणजे फेअर प्लॅनमध्ये, चोरी, पाणीगळती धरलेली नसल्याने पूरक पॉलिसी घ्यावी लागेल, आणि दोन्हींचा हप्ता मिळून आधीच्या तिप्पट होतो. गृहकर्ज चालू असल्याने विम्याशिवाय राहता येत नाही.

२०२२ च्या 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' या राज्याच्या विमा-नियमांनुसार, वणव्याच्या धोक्यासाठी कंपनीने घराला दिलेल्या जोखीम-गुणांविरुद्ध अपील करता येते. असे अपील कुणी केले आहे का, त्यासाठी कोणते पुरावे जोडले, आणि शेजारच्या अग्निशमन जिल्ह्याशी (त्या भागाची अग्निशमन सेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेशी) असलेला, आगीच्या वेळी एकमेकांना मदत करण्याचा करार त्यात विचारात घेतला गेला का?