वर कसे पोचलात? उंच स्मारकांच्या सज्ज्यापर्यंतच्या वाटेचे अनुभव

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलून आता १४ महिने झाले. त्याआधी कितीतरी वर्षं ती रोज पहाटे पर्वती चढायची. आमचं घर दांडेकर पुलाजवळ, त्यामुळे पावसाळा असो, थंडी असो, तिचा नेम चुकला नाही. त्या १०३ पायऱ्या तिच्या पायांना इतक्या पाठ आहेत की कुठलीही चढण ती पर्वतीतच मोजते. आमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना तिच्या हिशेबात 'अर्धी पर्वती' आहे.

गेल्या महिन्यात चहा पिताना ती म्हणाली, "मला एकदा कुठूनतरी खूप उंचावरून बघायचंय गं. विमानाच्या खिडकीतून नको. स्वतःच्या पायांवर उभं राहून."

तेव्हापासून मी माहिती गोळा करतेय. स्मारक किती मीटर उंच, कोणत्या साली बांधलं, किती लोखंड लागलं, हे सगळीकडे मिळतं. लिफ्ट कुठल्या मजल्यावर सोडते, तिच्यानंतरही पायऱ्या आहेत का, रांगेत टेकायला जागा आहे का, अर्ध्यातून परत फिरता येतं का, हे मात्र कोणी धड सांगत नाही. म्हणून हा धागा. वरून काय दिसलं ते दोन ओळींत आलं तरी चालेल, पण वर पोचलात कसे ते सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि दगडी आहेत. जिन्यासारख्या चढत नाहीत, एकेका पायरीवर दोन पावलं पडतात. म्हाताऱ्या माणसाला हे सोयीचंही आहे आणि अवघडही, कारण प्रत्येक वेळी तोच पाय पुढे येतो आणि तोच गुडघा दमतो. ५ नोव्हेंबर १८१७ला दुसऱ्या बाजीरावांनी खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहिली. आई मात्र वर गेली की आधी आमच्या गच्चीवरचं वाळवण शोधायची.

कोथरूड

ताई, आम्ही केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा बघायला गेलो होतो. बाबा ७४ वर्षांचे, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. पुण्याहून रेल्वेनं बडोदा आणि तिथून गाडीनं साधारण ९० किलोमीटर.

पहिली चूक माझीच, ती आधी सांगतो. तिथे साधं प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि वरच्या गॅलरीचं वेगळं. गॅलरीच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते. मी घाईघाईत साधंच काढलं. दारात पोचल्यावर कळलं की आपण पायथ्याचं प्रदर्शन बघू, पावलांपाशी जाऊ, पण लिफ्टमध्ये बसता येणार नाही. बाबा काही बोलले नाहीत. पुतळ्याच्या अंगठ्याजवळ उभे राहून नुसते वर बघत राहिले. तो दिवस मला फार लागला. मुक्काम एक दिवस वाढवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं गॅलरीचं तिकीट काढलं.

वाटेचं म्हणाल तर ज्येष्ठांसाठी मी पाहिलेली ही सर्वांत सोपी जागा. चालायचं अंतर बरंच आहे, पण मध्ये सरकते पट्टे आहेत. लिफ्ट थेट वर नेते. पुतळा १८२ मीटरचा, गॅलरी साधारण १५३ मीटरवर, म्हणजे सरदारांच्या छातीशी. तिथून सरदार सरोवर धरण समोर दिसतं. खिडक्या जाळीच्या आहेत, त्यामुळे उंचीची भीती वाटणाऱ्यालाही आधार वाटतो. बाबांनी जाळीला दोन्ही हात लावले आणि म्हणाले, "हे शिल्प आपल्या धुळ्याकडच्या माणसानं केलंय." राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, ते बाबांना माहीत होतं, मला नव्हतं.

सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

हडपसर

चारमिनार, हैदराबाद. लिफ्ट नाही. १४९ पायऱ्या, चक्री आणि अरुंद. तुमच्या आईंच्या मापानं दीड पर्वती, पण पर्वतीवर दम लागला की बाजूला बसता येतं. इथे मागून माणसं येत असतात, बसायला जागाच नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालून बघावा, हे माझं स्पष्ट मत.

नारायण पेठ

वय ७८. मुलीनं हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितो आहे.

१९७९ साली आम्ही कचेरीतली चार मंडळी दिल्लीला गेलो होतो. तेव्हा कुतुबमिनारात शिरता येत असे. पूर्ण उंची ७३ मीटर, आत एकूण ३७९ पायऱ्या, पण आम्हांला पहिल्या सज्ज्यापर्यंतच सोडलं. जिना दगडी आणि गोल फिरत जाणारा. पायऱ्या माणसांच्या पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यात, एकमेकांना अंग चोरून वाट देत. मध्ये एका वळणावर इतका अंधार होता की पुढच्याच्या सदऱ्याला धरून चाललो. सज्ज्यात पोचलो आणि वारा तोंडावर आला, तेव्हा कुठे जीव मोकळा झाला.

पुढे दोनच वर्षांनी, ४ डिसेंबर १९८१ला, त्याच जिन्यात दिवे गेले आणि चेंगराचेंगरी झाली. ४५ माणसं गेली, त्यांत बरीचशी शाळेच्या सहलीला आलेली मुलं. वर्तमानपत्र हातात धरून मी किती तरी वेळ तसाच बसलो होतो. त्या अंधाऱ्या वळणावरचा तो सदरा बोटांना आठवत होता. तेव्हापासून मिनाराचं दार लोकांसाठी बंद आहे आणि ते बंदच राहावं असं मला मनापासून वाटतं.

चिरंजीव मुली, तू लिफ्टची आणि पायऱ्यांची चौकशी करते आहेस ते योग्यच. त्यात एक भर घाल. उतरायची वाट वेगळी आहे का, हे जरूर विचार.

धागाकर्ती

आजोबा, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. वहीत पहिल्या ओळीला लिहून ठेवलंय. पुढे लिहिणाऱ्यांनी उतरण्याबद्दलही सांगा.

बाणेर

आयफेल टॉवर, पॅरिस. सासरे बायपास झालेले, ते आणि सासूबाई लिफ्टनं. मी आणि नवरा जिन्यानं. मला बंद लिफ्टमध्ये गुदमरायला होतं, म्हणून मुद्दाम जिन्याचं तिकीट काढलं. ते स्वस्तही असतं. जिना दक्षिणेकडच्या पायातून चढतो आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. आईंच्या हिशेबात साडेसहा पर्वती! जाण्याआधी दोन महिने दर रविवारी सिंहगड केला होता, त्याचा फार उपयोग झाला.

जिना लोखंडी आणि उघडा, दोन्ही बाजूंना जाळी. मला वाटलं होतं खाली बघून चक्कर येईल. उलट, एकेका टप्प्यानं जमीन हळूहळू लांब जाते म्हणून डोळ्यांना सवय होत गेली. पहिला मजला ५७ मीटरवर आहे, तिथे बसून पाणी प्यायलो. दुसरा साधारण ११५ मीटरवर. गंमत म्हणजे आम्ही आधी पोचलो. सासू-सासरे लिफ्टच्या रांगेत पाऊण तास उभे होते, आणि सासऱ्यांना ते उभं राहणंच जास्त जड गेलं. आम्हांला लिफ्टचा वेग माहीत होता, रांगेची लांबी नव्हती.

दुसऱ्या मजल्याच्या वर कोणालाही चालत जाता येत नाही. टोकाकडे, २७६ मीटरवर, फक्त लिफ्ट आणि तिची वेगळी रांग. सासरे म्हणाले, "इथपर्यंत बास." आम्ही सगळेच थांबलो. त्या मजल्यावरून शहर ओळखू येतं, रस्ते, नदी, माणसंसुद्धा.

उतरताना मी जिन्यानंच आले. पोटऱ्या दोन दिवस दुखत होत्या.

डेक्कन

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून स्मारकाबद्दल न लिहिता पायांबद्दल लिहिते. वाटी बदललेल्या माणसाला पायऱ्या वर्ज्य नसतात, पण क्रम पाळावा लागतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी किंवा कठडा कायम हातात. गुडघ्यावर उतरताना चढण्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून वरच्या आजोबांचा प्रश्न वैद्यकीय दृष्टीनंही महत्त्वाचा आहे. दम उतरणीला लागत नाही, त्यामुळे माणूस बेसावध राहतो.

आईंचे दोन्ही गुडघे नवे आहेत, तेव्हा जो आजही कमी वाकतो तो दुखरा धरा. आणि सुरुवात करण्यापूर्वी तुमच्या सर्जनना एकदा विचारा.

सदाशिव पेठ

निवृत्त शिक्षिका. विजापूरच्या गोलघुमटाला मी सहली घेऊन अकरा वेळा गेले आहे, त्यामुळे इथे थोडं जास्त लिहिते, राग नसावा.

महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पूर्ण झाली. चौकोनी इमारतीच्या चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी बुरूज, प्रत्येक सात मजल्यांचा. वर जायचा जिना या बुरुजांच्या आत आहे. पायऱ्या दगडी, उंच आणि अरुंद. इथे मजल्यागणिक कमानीच्या खिडक्या आहेत, हे फार मोठं सुख. उजेड येतो, वारा येतो, मूल दमलं तर त्याला खिडकीशी उभं करता येतं. मी प्रत्येक मजल्यावर मुलांची मोजणी करायचे. मोजणीच्या निमित्तानं सगळ्यांचा श्वास खाली बसायचा.

सातव्या मजल्यावरून आपण गच्चीवर येतो आणि मग घुमटाच्या पायथ्यातल्या छोट्या दारातून आत वाकून शिरायचं. आतून घुमटाला गोल सज्जा आहे. तोच तो कुजबुजीचा सज्जा. एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललेलं समोरच्या टोकाला भिंतीशी कान लावणाऱ्याला ऐकू येतं. मधलं अंतर सुमारे ४० मीटर! पण हे केव्हा, तर बाकीचे गप्प असतील तेव्हा. दुपारी गेलात तर नुसता गोंगाट परत परत आदळतो. आम्ही सोलापूरला मुक्काम करून भल्या सकाळी पोचायचो.

एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, पायात पोलिओचा दोष. तो खालीच थांबतो म्हणाला. त्याच्या चार मित्रांनी आपसांत ठरवलं आणि मला न विचारता त्याला आळीपाळीनं पाठीवर घेऊन वर आणलं. मी रागावणार होते. तेवढ्यात तो समोरच्या टोकाला जाऊन भिंतीशी कुजबुजला, "बाई, मी आलो." चाळीस मीटरांवरून, माझ्या कानात. मी काय रागावणार?

बिबवेवाडी

मुलगा अमेरिकेत असतो. वॉशिंग्टन स्मारकाचं लिहितो. १६९ मीटर उंच, दगडी, आत ८९७ पायऱ्या, पण त्या चढायला १९७०च्या दशकातच बंद झाल्या. आता फक्त लिफ्ट. तिकीट फुकट असतं, पण त्या दिवशीचं तिकीट सकाळी खिडकीवर रांग लावूनच मिळतं. पहिल्या दिवशी आरामात नाश्ता करून गेलो, तिकिटं संपलेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. आधीपासून ऑनलाइन ठेवायचं असेल तर थोडं शुल्क पडतं, ते भरावं असं माझं सांगणं, कारण थंडीत पहाटे उभं राहणं आमच्या वयाला परवडत नाही.

लिफ्ट ५०० फुटांवर सोडते, सव्वा मिनिटाच्या आत. १८८८ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा वाफेवरची लिफ्ट होती आणि तिला १०-१२ मिनिटं लागत. वर चारी बाजूंना दोन-दोन छोट्या खिडक्या. तिथून एक छोटा जिना उतरून खालच्या मजल्यावर परतीची लिफ्ट घ्यायची. आजोबा, म्हणजे उतरायची जागा वेगळी आहे. परत येताना लिफ्ट सावकाश होते आणि काचेतून आतल्या भिंतीत बसवलेले कोरीव दगड दिसतात, राज्याराज्यांनी आणि परदेशांनी भेट दिलेले. सौ.ला वरच्या देखाव्यापेक्षा तेच जास्त आवडले.

बाहेर आल्यावर एकदा वर बघा. एक तृतीयांशाच्या थोडं खाली दगडाचा रंग बदलतो. १८५४ला पैसे आटले, काम वीसहून अधिक वर्षं थांबलं आणि नंतर दुसरा संगमरवर आला.

सहकारनगर

सेंट लुईसची कमान, १९२ मीटर. इथे साध्या लिफ्टऐवजी वाकड्या कमानीच्या पोटातून चढणाऱ्या पिंपासारख्या डब्या आहेत. एका डबीत पाच माणसं, गुडघ्याला गुडघा लावून. दार जेमतेम चार फुटांचं, कमरेत वाकूनच शिरावं लागतं. वर जायला चार मिनिटं, यायला तीन. खाली एक नमुन्याची डबी ठेवलेली असते, तिच्यात आधी बसून बघावं. माझ्या जाऊबाई त्यातच घाबऱ्या झाल्या आणि खाली थांबल्या, ते बरंच झालं.

आणि लिफ्ट आहे म्हणून पायऱ्या नाहीत असं समजू नका. डबीपर्यंत जायला आणि वर सज्ज्यात पोचायला मिळून शंभराच्या आसपास पायऱ्या आहेत. म्हणजे एक पर्वती झालीच.

धागाकर्ती

सगळं आईला वाचून दाखवलं. आजोबांचं ऐकताना तिनं चष्मा काढून ठेवला. बाईंच्या त्या मुलाचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "धरण दिसतं ते कुठलं होतं?"

केवडियाचं तिकीट काढलं आहे. गॅलरीसकट, सकाळचं, सोमवार टाळून. सर्जननी कठडा धरून पायऱ्यांना परवानगी दिली, त्यामुळे गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी आम्ही दोघी पर्वतीच्या पायथ्याशी जातो. चढताना डावा आधी, उतरताना उजवा आधी, ती स्वतःशीच पुटपुटते. पहिल्या दिवशी १२ पायऱ्या झाल्या, काल ३१. तिथे बसून तिनं आमची गच्ची शोधली. मध्ये एक नवी इमारत आली आहे, तिच्या डाव्या कडेनं पाण्याची टाकी दिसते.