मदत हवी आहे : पाखाडी चढून नेता येईल आणि मोकळ्या पटांगणात ऐकू येईल असा बेस अ‍ॅम्प

नमस्कार मंडळी,

मी गुहागर तालुक्यात राहतो आणि सहा जणांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. चार तारांची. लग्नाची रिसेप्शनं, गणपतीतले मंडळांचे कार्यक्रम, मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीवाडीतल्या सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजा, आणि थंडीत दापोली-गणपतीपुळ्याकडची रिसॉर्टं, एवढा आमचा व्याप.

माझ्याकडे चार वर्षांपासून ४० वॅटचा, १० इंची स्पीकरचा कॉम्बो आहे, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात. वजन आठ किलो. स्कूटरवर पायांच्या मध्ये बसतो. धोपाव्याला फेरीबोटीत चढलं की दाभोळ, तवसाळला चढलं की जयगड, त्यामुळे दोन्ही बाजूंचे छोटे कार्यक्रम मी स्कूटरवरच करतो. मोठ्या कार्यक्रमाला टेम्पो असतो, पण तो शृंगारतळीहून सुटतो आणि माझ्या घरापर्यंत येऊ शकत नाही. घर खाली वाडीत आहे. वर डांबरी रस्त्याला लागायला ८४ पायऱ्यांची चिऱ्याची पाखाडी. गणपतीत रात्री साडेबाराला परत येताना पायऱ्यांवर शेवाळ, एका हातात बॅटरी, खांद्यावर गिटार आणि दुसऱ्या हातात अ‍ॅम्प, असं उतरायचं असतं. म्हणून वजनाचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात आधी येतो.

आता अडचण. गेल्या मे महिन्यात एका वाडीच्या पूजेला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. समोर ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, लीड गिटार. साउंडवाल्याकडे मिक्सरला मोकळा चॅनल नव्हता, म्हणून माझा अ‍ॅम्प तसाच स्टेजवर. दुसऱ्या गाण्यापासून आवाज पूर्ण उघडला तरी मलाच माझं ऐकू येईना. खालची ई तार वाजवली की स्पीकर फाटल्यासारखा फडफडायचा. मध्यंतरानंतर लक्षात आलं की कीबोर्डवाला मित्र डाव्या हाताने बेस वाजवतोय. कार्यक्रम संपल्यावर तो म्हणाला, "तुझं काही पोचतच नव्हतं रे, गाणं पोकळ वाटत होतं, म्हणून मी घेतलं." त्याचं काही चुकलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे बहुतेक ऑर्केस्ट्रात बेस कीबोर्डच्या डाव्या हातावरच भागवतात, वेगळा बेसवाला ठेवतच नाहीत. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि बेसची तार एकत्र पडली की जे होतं ते डाव्या हाताने होत नाही, हे मला मनापासून वाटतं. पण ते ऐकूच गेलं नाही तर कुणाला पटवून देऊ?

बजेट साठ हजार, ताणून सत्तर. जुनं चालेल. डोक्यात तीन पर्याय आहेत. फेंडर रंबल ५०० हा दोन १० इंची स्पीकरचा कॉम्बो, साडेसोळा किलो. दुसरा, मार्कबासच्या लिटल मार्कसारखा तीन किलोच्या आतबाहेरचा हेड (नुसता अ‍ॅम्प) आणि वेगळा १२ इंची कॅबिनेट (स्पीकरचा डबा). तिसरा, अ‍ॅम्प घ्यायचाच नाही, चांगला प्रीअ‍ॅम्प (टोन घडवणारा डबा) आणि एक पॉवर्ड पीए स्पीकर (लोकांसाठी आवाज सोडणारा, आतच ताकद असलेला). यातलं काय घ्यावं? आणि नक्की किती वॅट लागतात? दुकानात फोन केला की जो तो फक्त वॅट सांगतो.

---

चिपळूणहून प्रतिसाद

वॅटचा हिशोब एकदा नीट समजून घ्या, मग दुकानदार काहीही सांगो. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. तुमच्या ४० वरून १०० वर गेलात तर वाढ फक्त ४ डेसिबल. पैसे खर्चून घरी आणाल आणि पटांगणात तीच रड. ५०० वर गेलात तर ११ डेसिबल, तिथे फरक जाणवेल.

दुसरी अर्धी गोष्ट स्पीकरची. स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते, १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. ९४ चा आणि ९७ चा स्पीकर यांत ३ डेसिबलचा फरक, म्हणजे ९७ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात. तसंच एकाऐवजी दोन सारखे स्पीकर लावले तर तेवढ्याच एकूण वॅटमध्ये खालच्या सुरांत आणखी सुमारे ३ डेसिबल मिळतात. म्हणून ३०० वॅट आणि दोन स्पीकर हे बऱ्याचदा ५०० वॅट आणि एका स्पीकरला भारी पडतं.

रंबल ५०० बद्दल एक लक्षात ठेवा. एकट्याने तो ३५० वॅटच देतो. पूर्ण ५०० बाहेरचा ८ ओमचा (ओम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) कॅबिनेट जोडल्यावर.

---

कुडाळहून प्रतिसाद

मी साउंडचं काम करतो, त्या बाजूने सांगतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो, आणि हॉलमध्ये भिंती जी मदत करतात ती तिथे नसते. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब. एका कॉम्बोने शाळेचं पटांगण भरायचं म्हणाल तर ते होणार नाही, आणि होऊही नये. तुमचा अ‍ॅम्प तुमच्यासाठी आणि ढोलकीवाल्यासाठी. लोकांना बेस पीएमधूनच गेला पाहिजे. तेव्हा डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायचं भोक) नसलेला अ‍ॅम्प अजिबात घेऊ नका, आणि कार्यक्रम ठरतानाच साउंडवाल्याला फोन करून बेससाठी एक चॅनल मागून घ्या. स्टेजवर गेल्यावर मागितला तर तो द्यायला नाखूश असतो, कारण तोवर त्याचे सगळे चॅनल लागलेले असतात. डीआयवर प्री-पोस्ट बटण असेल तर प्री ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर टोन फिरवलात तरी आमच्याकडे काही बिघडत नाही.

फडफड का होते तेही सांगतो. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. १० इंची छोटा डबा तो देऊच शकत नाही, नुसता कोन पुढे-मागे धडपडतो आणि ताकद वाया जाते. आपला कानही एवढं खालचं कमीच ऐकतो. सूर ओळखायला आपल्याला मुख्यतः त्याच्या वरचा ८२ चा आणि त्यापुढचे उपसूर मदत करतात. म्हणून बेसचं बटण कमी करा, मधले सूर थोडे वाढवा. हाय-पास फिल्टरचा पेडल मिळाला तर ४० च्या खालचं कापून टाका. तोच अ‍ॅम्प तुम्हाला मोठा वाटेल. हे आज, फुकटात करून बघा.

आणि फळ्यांचं स्टेज असेल तर अ‍ॅम्पखाली रबराची जाड चटई घाला. फळ्या स्वतःच घुमतात आणि सगळा गढूळ आवाज येतो.

---

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. संध्याकाळीच मधले सूर वाढवून पाहिले. घरात ऐकताना आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटला, पण ढोलकीबरोबर वाजवल्यावर प्रत्येक सूर वेगळा कळायला लागला. चार वर्षं मी उलटंच करत होतो, बेसचं बटण पूर्ण उजवीकडे.

चॅनल मागण्याचं पटलं. पण आमच्याकडच्या लहान कार्यक्रमांत साउंड म्हणजे स्टँडवरचे दोन टॉप (वरचे स्पीकर), खाली सब (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) नाहीच. तिथे पीएमधून बेस सोडला तर गायकाचा आवाज खराब होतो, मग शेवटी माझा अ‍ॅम्पच कामाला येतो. म्हणून ताकद हवीच आहे. आणि पॉवर्ड स्पीकरच्या पर्यायाबद्दल कुणी बोललं नाही.

---

मालवणहून प्रतिसाद

पॉवर्ड स्पीकर मी दोन सीझन तारकर्लीकडे वापरला. चांगला चालतो, रिसॉर्टमध्ये गायकाला मॉनिटर म्हणूनही देता येतो. पण डब्यावरचे १००० वॅट बहुतेक पीक, म्हणजे क्षणभराचे, असतात, सलग मिळणारे निम्मे किंवा त्याहून कमी. जोरात वाजवलं की आतला लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारं सर्किट) आधी बेसच दाबतो. ढोलकीसमोर मला तो कमी पडला.

पण दादा, माका वेगळाच सांगूचा आसा. पयले अर्थिंग बघ, मगे वॅट बघ. मंडपात जनरेटर असतो, अर्थिंग कुणी बघत नाही. तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की दोन्हींतला फरक अंगातून जातो. मला एकदा असा झटका बसलाय, पावसाळ्यात, ओल्या स्टेजवर. त्यानंतर मी सॉकेट टेस्टर खिशात ठेवतो आणि ओठ माइकला टेकवण्याआधी बघून घेतो. गुंजारव येतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे लोक आहेत. ते कधीही करू नका. गुंजारवासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. आणि परदेशातून आलेला जुना अ‍ॅम्प घेतलात तर मागे २३० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा, काही फक्त १२० चे असतात.

---

रत्नागिरीहून प्रतिसाद

मी हेड आणि वेगळ्या कॅबिनेटच्या बाजूने. १९६९ मध्ये अँपेगचा एसव्हीटी आला तेव्हा ३०० वॅटसाठी ३५ किलोच्या पुढचा हेड उचलावा लागायचा, सगळं वजन व्हॉल्व्हचं आणि ट्रान्सफॉर्मरचं. आता क्लास डी (हलक्या अ‍ॅम्पची नवी पद्धत) मुळे ५०० वॅटचा हेड गिटारच्या बॅगेच्या खिशात जातो. कॅबिनेटमध्ये निओडिमियमचे (हलक्या चुंबकाचे) स्पीकर असले तर तेही हलके. तुमच्या पाखाडीला हे सोयीचं, कारण वजन दोन खेपांत विभागता येतं. कॉम्बो विभागता येत नाही.

फक्त ओमचा हिशोब चुकवू नका. लिटल मार्क ३ चा हेड ४ ओमला ५०० आणि ८ ओमला ३०० वॅट देतो. म्हणून पहिला कॅबिनेट ८ ओमचाच घ्या. पुढे पैसे आले की तसाच दुसरा ८ ओमचा जोडा, दोन मिळून ४ ओम होतात आणि पूर्ण ५०० मिळतात. आत्ता मोह होऊन ४ ओमचा घेतलात तर दुसरा जोडण्याची वाट बंद. दोन ४ ओमचे मिळून २ ओम होतात आणि बहुतेक हेड ते सोसत नाहीत. स्पीकरला स्पीकरचीच केबल, शक्यतो स्पीकॉन (फिरवून अडकणारा प्लग). गिटारची केबल तिथे लावायची नाही, ती एवढा करंट वाहायला केलेलीच नसते.

खाऱ्या हवेचंही बघा. माझ्या जॅकना दोन पावसाळ्यांत हिरवट गंज आला होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. एसी हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत आणलं तर लगेच चालू करू नका, आत दव धरतं.

माझ्याकडे ८ ओमचा एक १२ इंची कॅबिनेट आहे, वजन १३ किलो, आणि ५०० चा हेड. दोन-तीन दिवस घेऊन जा, तुमच्या ढोलकीबरोबर वाजवून बघा. नुसतं वाचून हे ठरवू नका.

---

धागाकर्ता, अठरा दिवसांनी

उशीर झाला, माफ करा. रत्नागिरीकर दादांकडून सेट घेऊन आलो, तवसाळच्या बोटीने, स्कूटरवर. हेड पाठीवरच्या सॅकमध्ये, कॅबिनेट पायांत. बसतो, पण वळणावर हँडल गुडघ्याला लागतं.

रविवारी अंगणात ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला दोघांना बोलावलं. अंगणाला तिन्ही बाजूंनी मोकळं, मागे फक्त पडवीची भिंत. आवाज अर्ध्यावरही गेला नाही आणि ढोलकीवाल्याने मान डोलावून सांगितलं की आता त्याला माझ्यावर टेकता येतंय. मग कीबोर्डवाल्याला म्हटलं, पाखाडी चढून जा आणि कुठपर्यंत ऐकू येतं सांग. तो वाजवणं सोडून चढत गेला. मी एकच चाल वाजवत राहिलो. चाळिसाव्या पायरीच्या आसपास थांबून त्याने वरून हाक मारली, "इथपर्यंत सूर कळतोय." तो खाली आला तेव्हा आम्ही तेच गाणं पुन्हा घेतलं, आणि त्याने डावा हात मांडीवर ठेवला.

मला हाच सेट हवा आहे. रंबल ५०० चा विचार सोडला. हेड जुना, चांगल्या अवस्थेतला बघतोय, ८ ओमचा १२ इंची कॅबिनेट नवीन घेईन. दुसरा कॅबिनेट पुढच्या मे महिन्याआधी जमेल तेव्हा. हाय-पासचा पेडल आणि सॉकेट टेस्टर मागवले आहेत.

आता एकच प्रश्न उरला. १३ किलो आठवड्यातून दोनदा ८४ पायऱ्या, ते पावसात कसं करावं? चाकाची ट्रॉली पायऱ्यांवर चालत नाही.

---

चिपळूणहून प्रतिसाद

कॅबिनेट घरी नेताच कशाला? हेड आणि गिटार घरी न्या. कॅबिनेटला वर रस्त्यालगत ज्यांचं घर असेल त्यांच्या पडवीत जागा मागा. जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेवा आणि मेणकापडाची खोळ शिवून घ्या. स्पीकरच्या पुढे लोखंडी जाळी असलेलाच कॅबिनेट घ्या, नुसतं कापड असेल तर उंदीर कुरतडतात. मागचा पोर्ट (हवेचं भोक) उघडा असेल तर त्यालाही बारीक जाळी मारा, पण बुजवू नका. पोर्ट बुजला की खालचा सूर जातो.

---

धागाकर्ता

वर रस्त्याला आमच्या काकींचं घर आहे. आजच विचारलं. पडवीत भाताची कणगी असते त्याच्या शेजारी जागा देते म्हणाली, पण जाळी आधी मार म्हणाली.