किशोरवयीन मुलांना आपलेपणा कुठे मिळतो : शाळेत की राहत्या वस्तीत?

धागाकर्ती : 'शाळेत मला परक्यासारखे वाटते' अशी विधाने पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या प्रश्नावलीत १५ वर्षांच्या मुलांपुढे ठेवली जातात. शाळेतला आपलेपणा मोजणाऱ्या, संशोधक कॅरल गुडनाऊ यांच्या १९९३ मधील १८ विधानांच्या मोजपट्टीतही शिक्षक व सहाध्यायी आपल्याला सामावून घेतात का, हाच कळीचा प्रश्न आहे. माझ्या मते हे योग्यच आहे. वस्तीत मूल 'अमक्यांचे' म्हणून ओळखले जाते. शाळेत मात्र त्याला स्वतःची ओळख स्वतः मिळवावी लागते, आणि म्हणूनच ती त्याची असते.

प्रतिसाद १ : जो मिळवावा लागतो, तो आपलेपणा कसला? खेळाच्या तासाला संघ निवडताना शेवटपर्यंत उरलेला मुलगा खाली बसून बुटाची नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो; आपण वाट पाहत होतो हे कोणाला दिसू नये, एवढ्यासाठीच. संध्याकाळी घराजवळ खेळताना त्याच मुलाला हाक मारून बोलावले जाते, कारण तिथे गडी कमी पडतात आणि सातवर्षीय पोरापासून सतरा वर्षांच्या दादापर्यंत सगळेच लागतात. एकाच वयाची चाळीस मुले एका खोलीत बसवली, की तुलना आलीच.

प्रतिसाद २ : हे चित्र मुलग्यांचे आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की कालपर्यंत कौतुक करणारे तेच शेजारी ती कोणाबरोबर आणि किती वाजता परतली याची नोंद ठेवू लागतात. अशा मुलीला शाळेच्या मधल्या सुट्टीतच मोकळा श्वास घेता येतो.

धागाकर्ती : प्रतिसाद १ मधला नाडीचा मुद्दा मान्य, पण तो शाळेचा नव्हे, संघ निवडण्याच्या पद्धतीचा दोष आहे, आणि शिक्षकाने स्वतः संघ पाडले तर तो त्याच दिवशी दूर होतो. बाकी, सातवी ते बारावीच्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या पाहणीवरचा १९९७ चा अभ्यास पाहावा. कुटुंबाशी आणि शाळेशी जोडलेपण वाटणाऱ्या मुलांमध्ये मानसिक त्रास, हिंसा व व्यसने कमी आढळली.

प्रतिसाद १ : आढळली हे खरे, पण त्यावरून शाळेमुळेच हे घडले असे ठरत नाही, ज्याचे मुळात बरे चालले आहे, त्याला शाळाही आपली वाटत असेल. शिवाय त्या निष्कर्षात कुटुंबही आहे, ते आपण ओझरते उल्लेखून पुढे गेलात. वर्षाच्या मध्यात आलेल्या ज्या मुलाला महिनाभर हजेरी क्रमांकानेच हाक मारली जाते, त्याने आपली ओळख नेमकी कोणाकडून मिळवायची?