ठोके बिघडणाऱ्या मुलांची तपासणी व्हिडिओवर: चालेल की नको?

काणकोणची आई:
मुलीला एसव्हीटी आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मध्येच सुसाट धावतात, मग आपोआप जाग्यावर येतात. औषधावर बरी आहे. तरी दर खेपेला करमल घाट ओलांडून मोठ्या इस्पितळात जायचं, तिची शाळा आणि ह्यांचा रोज बुडवायचा. आत गेल्यावर प्रश्न तीनच: पुन्हा धडधडलं का, औषध चुकलं का, वजन किती? हे व्हिडिओवर का नको? ईसंजीवनी, सरकारची व्हिडिओवर डॉक्टर भेटायची सोय, 2019 पासून आहे. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमावलीप्रमाणे मोठं माणूस सोबत असलं की मुलांनाही चालतं.

डिचोलीकर:
ताई, त्रास कळतो, पण पटत नाही. डॉक्टर स्क्रीनवर येईपर्यंत धडधडीचा झटका थांबलेला असतो आणि पोर अंगणात. तान्ह्याचे ठोके 220 च्या वर गेले तरी ते सांगणार काय? दूध ओढत नाही, घामाघूम होतं, किरकिरतं. घरचे म्हणतात, दात येताहेत. मोबाईलच्या उजेडात रंगही कळत नाही. आणि शिरेतून द्यायचं, ठोके जाग्यावर आणणारं अ‍ॅडेनोसिन कॅमेऱ्यातून देता येत नाही.

घड्याळवाला:
ईसीजी काढणारं स्मार्टवॉच घ्या की!

केप्याची नर्स:
ॲपलचं ते फीचर कंपनीनेच 22 वर्षांवरच्यांसाठी म्हटलंय. मोठ्या मुलात त्या पट्टीवरून कधी धागादोरा मिळतो, नाही असं नाही, पण एकाच लीडवर, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघून, निदान ठरवू नये.
डिचोलीकर, तुम्ही निदान आणि फॉलो-अप एकत्र कालवताय. पहिलं निदान समोरासमोरच: बारा लीडचा ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), लागला तर होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी). त्यानंतर मात्र ताईंचं बरोबर. वजन आणि ईसीजी जवळच्या आरोग्य केंद्रात करून पाठवायचं, बोलणं व्हिडिओवर. झटका चालू असताना काढलेला ईसीजी तर सोन्यासारखा, कुठेही काढलेला असो.
आणखी एक. प्रोप्रानोलॉल, हे ठोके आवरायचं औषध, चालू असलेलं बाळ उलट्या करतंय, काही खात नाही, तरी डोस देत राहिलं तर रक्तातली साखर उतरते. असा प्रश्न फोनवर लगेच विचारता यायला हवा, पुढच्या तारखेची वाट बघत नाही बसायचं. बाळ सुस्त वाटलं तर फोनही नको, सरळ इस्पितळ.

लाँग क्यूटीचा बाबा:
नर्सबाईंना शंभर टक्के. आमच्या मुलाला ईसीजीमधला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबण्याचा आजार. पळताना, पोहताना शुद्ध हरपू शकते. पण आम्हाला खरी धास्ती साध्या सर्दी-उलटीची. दवाखान्यात सहज लिहून देतात ते अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि उलटीवरचं डोंपेरिडोन, दोन्ही क्यूटी आणखी लांबवतात म्हणून त्याला वर्ज्य. चिठ्ठीचा फोटो पाठवून 'हे चालेल का' विचारायला घाट कशाला ओलांडायचा? माझ्या मते टेलिहेल्थचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

डिचोलीकर:
औषध विचारण्याचं मान्य. पण नेत्रावळीकडे रेंजच्या नावाने बोंब, तिथलं काय? आणि व्हिडिओची सोय झाली की 'आता येऊ नका' म्हणायला वेळ लागत नाही.

काणकोणची आई:
'येऊ नका' नको म्हणूदे. वर्षातून एकदा मी येईनच, इको करून घेईन. मधल्या खेपा सोडा एवढंच म्हणते.

डिचोलीकर:
मग रात्री दोन वाजता ठोके 200 वर गेले तर फोन कोण उचलणार, त्याचं नाव-नंबर चिठ्ठीवर लिहून घ्या. ते मिळालं की माझा विरोध संपला. शुद्ध हरपली किंवा रंग काळवंडला तर मात्र व्हिडिओ नाही, 108.