वेग आणि आकलन
मुलांच्या वाचनाबद्दल 'आधी वाचनाचा वेग वाढवा, अर्थ आपोआप कळेल' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. अक्षरं जुळवण्यातच दमणाऱ्या मुलाचं अर्थाकडे लक्ष राहत नाही, हे खरंच. पण जोडाक्षरांसकट खडाखडा वाचूनही कोरी राहणारी मुलं असतात. आमच्या शेजारचा चौथीतला मुलगा त्यातलाच. उताऱ्यात होतं, 'वाफसा आल्यावर आजोबांनी पेरणी केली.' (वाफसा म्हणजे पावसानंतर जमीन पेरणीजोगी सुकणं.) पेरणी कधी केली? उत्तर बरोब्बर. मग पाऊस पडला त्याच दिवशी का नाही केली? गप्प! चिखलात पाभर (पेरणीचं अवजार) चालत नाही हे त्याला कुठून ठाऊक असणार? (परीक्षेत पहिल्या प्रकारचेच प्रश्न जास्त, त्यामुळे मार्क मात्र झकास.)

वेगावर भर देताना राहून जाणारा मुद्दा पूर्वज्ञानाचा, म्हणजे विषयाच्या आधीपासून असलेल्या माहितीचा आहे. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. अभ्यास १९८८ साली छापून आला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. म्हणून नुसते उताऱ्यांचे संच सोडवून घेण्यापेक्षा मुलाला शेतावर, मंडईत, एसटी डेपोत न्यावं आणि तिथे त्याच्याशी भरपूर बोलावं, असं माझं मत.