मिठागर, खाण, सैंधव : मीठ पिकतं की निघतं?

पाकिस्तानातल्या खेवड्याच्या मिठावर एक लेख मराठीत लिहितेय. पहिल्या खर्ड्यात ‘खेवड्याचं मिठागर’ असं लिहिलं, तर आईने लगेच हटकलं. पण ‘मिठाची खाण’ हे कानाला परकं वाटतं. योग्य काय? आणि सैंधव, शेंदेलोण, पादेलोण ही एकाच मिठाची नावं का?

*

ताई, आईंचं बरोबर आहे. शब्द अडला की क्रियापदाकडे बघावं. आगरात मीठ पिकतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कप्प्याकप्प्यांतून फिरवत उन्हावर आटवायचं आणि शेवटच्या कप्प्यात खडे धरले की ओढून रास करायची. त्याला हंगाम असतो, पावसाळ्यात काम बंद. खेवड्याला यातलं काहीच नाही. पाकिस्तानी पंजाबातल्या त्या डोंगररांगेत ५० कोटी वर्षांहून जुने मिठाचे थर आहेत आणि ते खणून काढतात. साधारण निम्मं मीठ खांब म्हणून तसंच सोडतात, नाहीतर छत खाली येईल. ते मीठ पिकत नाही, निघतं. म्हणून खाणच. कानाला परकं वाटतं, कारण महाराष्ट्रात तशी खाण नाही. भारतात पाहायची तर हिमाचलात मंडीजवळ द्रंगला जावं लागेल.

मात्र ‘आगर’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘आकर’पासून सांगतात आणि आकर म्हणजे खाण! रत्नाकर मधला तोच. खाणीचा शब्द किनाऱ्यावर आला आणि पिकाचा झाला. कोकणात नारळी-पोफळीचंही आगरच. म्हणून आज त्याला पुन्हा खाणीत नेऊ नये.

सैंधव म्हणजे सिंधूकडचं. शेंदेलोण हे त्याचंच घरगुती रूप, म्हणजे ही दोन्ही एकच. संस्कृतात सैंधव म्हणजे सिंधूकडचा घोडासुद्धा. ‘सैन्धवम् आनय’ म्हटल्यावर जेवणाच्या पानावर मीठ आणायचं आणि प्रवासाला निघताना घोडा, हे प्रसंगावरून अर्थ ठरण्याचं जुनं उदाहरण. पादेलोण वेगळं. ते काळं मीठ. त्याचा वास त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा, सैंधवाला तो येत नाही.

*

उरणकडची आहे. आमची आजी ‘यंदा मीठ बरं पिकलं’ असंच म्हणायची, ‘तयार झालं’ कधीच नाही. अवेळी पाऊस आला तर ‘पीक गेलं’. कारखान्याच्या भाषेतलं ‘उत्पादन’ लिहून ही ओळ घालवू नका, एवढं सांगायचं होतं.

*

धन्यवाद, ‘पिकलं’ ठेवते. आता ‘निक्षेप’ (डिपॉझिट) आणि ‘लवणघुमट’ (सॉल्ट डोम). दोन्ही पाठ्यपुस्तकी वाटतात.

*

‘निक्षेप’ म्हणजे मूळात विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव, त्यामुळे अर्थ नेमका आहे. पण दर वाक्यात नको. आडवे पसरलेले असतील तर सरळ ‘थर’ म्हणा. ‘साठा’ किती मीठ आहे हे सांगताना ठीक. समुद्राचं पाणी आटताना आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ, शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार. हा क्रम सांगताना ‘थर’ शब्द चित्रच उभं करतो.

लवणघुमटाबद्दल माझी एक तक्रार आहे. घुमट आतून पोकळ, हा मात्र भरीव. खोलवर गाडलेलं मीठ वरच्या दाबाखाली घट्ट पिठासारखं वाहू लागतं. भोवतीचे खडक दबून त्याच्याहून जड झालेले असतात, म्हणून ते त्यांना भेदत वर चढतं. कडेला वाकलेल्या थरांत तेल अडकतं. टेक्सासात स्पिंडलटॉपला १९०१ साली तेलाचा फवारा उडाला तो अशाच घुमटावर. शब्द रुळलाय, तो वापरा, पण पहिल्याच उल्लेखात ‘भरीव’ हे विशेषण जोडा.

*

लोणार, लोणचं, लोणी हे सगळं लवणापासूनच ना?

*

लोणचं नक्की. लोणारचं नावही लवणाशीच जोडतात, तिथली कथा लवणासुराची आणि सरोवराचं पाणी खारं. लोणी मात्र नाही, ते नवनीतापासून. आणि ‘मीठ’ हा शब्द तर मृष्टपासून आलाय असं सांगतात, मृष्टान्नातलं मृष्ट, म्हणजे रुचकर. हिंदीत त्यातूनच ‘मीठा’ झाला, गोड. आपण आणि गुजरात्यांनी तो खाऱ्याला दिला.